वळसंगच्या विहिरीतला दात

तो दात मी माझ्या हातांनी काढला होता. त्यामुळे त्याच्याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

१९३४ सालचा फेब्रुवारी महिना होता. सोलापुरातल्या एका हायस्कुलात मी शास्त्र शिकवीत असे, आणि रविवार आला की सायकलीला पिशवी अडकवून दगड पाहत हिंडत असे. आमच्या मुलखात दगड म्हणजे एकच, काळा. घराचा पाया काळा, देवळाची पायरी काळी, जात्याची पाळ काळी. या काळेपणात पाहण्यासारखे काय आहे, असे लोक विचारीत. मी त्यांना सांगे, की हा दगड एका दमात ओतलेला नाही. पृथ्वीच्या पोटातला रस एकदा उफाळून वाहिला आणि थिजला. मग फार मोठी उसंत पडली. त्या उसंतीत खळग्यांत पाणी साचले, पाण्यावर शेवाळ धरले, शेवाळावर गोगलगाई आल्या. एवढे सारे जमून येते आहे तोच दुसरा रस आला आणि त्याने त्यावर कायमचे झाकण घातले. कुठे खोल विहीर खणली, की दोन काळ्या भिंतींच्या मध्ये हिरवट राखाडी मातीचा हातभर पट्टा दिसतो. तीच ती उसंत. तिला हात लावताना मला नेहमी वाटे, की आपण झोपलेल्या माणसाच्या श्वासाला हात लावीत आहोत.

असा पट्टा वळसंगला मायाप्पाच्या विहिरीत होता. मायाप्पा पन्नाशीचा धनगर. त्याच्या बापजाद्यांनी मेंढरांमागे मुलूख तुडवला. यानेच अकरा वर्षांपूर्वी थोडी माळरानाची जमीन घेऊन, विहीर पाडून मुक्काम कायम केला. यंदा पाणी पार तळाला गेले होते, म्हणून त्याने गाळ काढायला घेतला. कडा उघड्या पडल्याचे कळताच मी दोर धरून आत उतरलो. मायाप्पा वर दोर सांभाळीत बसला.

पट्ट्यात चिमुकले शंख होते, ज्वारीच्या दाण्याएवढे. ते काढता काढता एका जागी माती किंचित मऊ लागली. छिन्नी सहज आत गेली, एक ढेकूळ सुटले, आणि त्याच्या मागे काळसर तपकिरी असे काहीतरी चमकले. माझ्या मधल्या बोटाहून लांब, अंगठ्याहून जाड, कोयत्यासारखे बाकदार. आतल्या धारेवर बारीक, अगदी सारख्या अंतराने कोरलेले दाते. तो दात होता, आणि दगड झालेला होता. त्या अर्ध्या उजेडात मी किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. वरून मायाप्पाने हाक मारली तेव्हा भानावर आलो.

वर आल्यावर त्याने दात हातात घेतला, उलटासुलटा केला आणि धारेवरून नख फिरवले.

"लांडग्याचा न्हाय," तो म्हणाला. "लांडग्याच्या आज्याच्या आज्याचा आसंल."

"लांडगा जन्माला यायच्या आधीचा आहे, मायाप्पा."

"मग त्याला सुखच की. माझी शिवी खाया लागली न्हाय."

जबलपूरच्या टेकडीतून निघालेल्या प्रचंड मांसाहारी सरड्यांचे वर्णन आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते, आणि त्यातल्या एकाचे नाते अमेरिकेतल्या टिरॅनोसॉरसशी, म्हणजे त्या जुलमी सरड्याशी, जोडण्याची चर्चा चालू होती. मी दाताची मापे घेतली, चारी बाजूंनी चित्रे काढली आणि कलकत्त्याच्या संग्रहालयातल्या एका तज्ज्ञांना पाठवली. पत्रात विहिरीचा नकाशा होता, थरांची उंची होती. दाताच्या मुळाशी, खाचेत, पिवळा लेप होता. त्याचाही उल्लेख मी केला. ही पिवळी काव आहे, तळ्याच्या चिखलातल्या लोहाने ती बसली आहे, आणि त्यावरून हा दात त्याच थरात रुजलेला होता हे सिद्ध होते, असे मी ठाम लिहिले. पत्र टपालात टाकून परतताना मला रस्ता नेहमीपेक्षा रुंद वाटला.

उत्तर पंधरा दिवसांत आले. दात जबलपूरच्या कोणत्याही दाताशी जुळत नव्हता. त्याची जाडी जुलमी सरड्याच्या कुळाकडे बोट दाखवीत होती, जरी खुद्द त्या कुळातला की चुलत कुळातला हे एका दाताने ठरणार नव्हते. जात मात्र नवी दिसत होती. आणि दोन काळ्या थरांच्या मधून असे जनावर आजवर कुणाला मिळालेले नव्हते. ते तज्ज्ञ डॉक्टरसाहेब पुण्याहून मद्रासला जाताना गुरुवारी, पंधरा मार्चला, सोलापुरात उतरणार होते. थर डोळ्यांनी पाहिला की वर्णन छापायला जाईल आणि त्या जनावराच्या नावात सोलापूरचे नाव राहील, असे त्यांनी लिहिले होते. तोवर मी दाताचे मूळ स्वच्छ करून धारेवरचे दाते मोजून ठेवावेत, एवढीच त्यांची विनंती होती.

आमचे हेडमास्तर आबासाहेब यांनी ते पत्र दोनदा वाचले आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले.

"मास्तर, आजवर या गावाची ओळख सुताने आणि लुगड्यांनी होती," ते म्हणाले. "आता दाताने होणार. स्टेशनावर हार न्यायचे, शाळेत व्याख्यान ठेवायचे. तुम्ही एक मोठे चित्र काढून घ्या. लोकांना जनावर दिसले पाहिजे."

चित्र आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी काढले, पण त्यातले जग माझे होते. मी सांगत गेलो आणि ते रंगवीत गेले. धुराने तांबूस झालेले आभाळ, थिजलेल्या काळ्या लाटांमध्ये अडकलेले एक तळे, काठावर ताडासारखी झाडे, आणि पाण्यात पाय रोवून उभे असलेले ते, मागच्या दोन पायांवर, जड मस्तक किंचित झुकवून, साऱ्या एकांताचा धनी असल्यासारखे. कागदावर ते उभे राहिले त्या संध्याकाळी मी एकटाच वर्गात बसून राहिलो. मला ते ओळखीचे वाटत होते. उजाड मुलखात वाढलेल्या माणसाला एकट्या उभ्या असलेल्या कोणत्याही गोष्टीविषयी आपलेपणा वाटतो.

ते चित्र मी एका रविवारी मायाप्पाला दाखवायला नेले. तो नुकताच मेंढरे पाण्यावर घेऊन आला होता. घोंगडी खांद्यावर, काठी गळ्यामागे आडवी. त्याने चित्र बराच वेळ पाहिले.

"जनावर बेस हाय," तो म्हणाला. "खातंय काय?"

"दुसरी जनावरे."

"कुटं हायत ती?"

"चित्रात नाहीत. पण असणार."

"हितं मातीत घावली?"

मातीत फक्त शंख सापडले होते. तसे मी सांगितले.

मायाप्पा हसला. मोठ्याने नव्हे, एखाद्या पोराने उलटी वहाण घातलेली पाहून बाप हसतो तसा. "मास्तर, माझं आयुष्य लांडग्यामागं गेलं. लांडगा कुटं बी येकटा नसतो. त्याच्यामागं रान लागतंय. गवत लागतंय, गवताव मेंढरू लागतंय, हरान लागतंय, ससा लागतोय. दोन लांडगं जगायचं तर माळ भरून जनावर पायजे. आन जितं लांडगा राहतोय तितं हाडं पडत्यात. ढीगच्या ढीग. तुमचं हे धूड काय गोगलगायी चघळून ऱ्हायलं?"

"हाडे सापडतील. थर अजून खणलेला कुठे आहे?"

"सापडू द्या की," तो म्हणाला. "मी कुटं आडवा येतोय."

त्याचे बोलणे मला सायकलीवर आठवले आणि टोचलेही. पण मी ते बाजूला सारले. दात भिंतीत होता. भिंतीतून तो मी काढला होता. यापुढे मेंढपाळाचे तर्क काय सांगणार?

अकरा मार्चच्या दुपारी मी दात धुवायला बसलो. मूळ साफ करायचे राहिले होते. पाण्याने तो पिवळा लेप सुटेना, म्हणून मी पितळीत कोमट पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवला आणि बारीक ब्रशाने खाच घासू लागलो. दोनतीन हात फिरले असतील. पिवळ्याचा रंग पालटला. आधी नारिंगी झाला, मग पाहता पाहता लाल, आणि पितळीतल्या पाण्यात लाल धागे तरंगू लागले.

मी ब्रश खाली ठेवला. सिद्धम्मा, माझी पत्नी, उंबऱ्याशी सुपात धान्य पाखडीत होती.

"कापलं काय बोट?" तिने विचारले.

"नाही. ही काव लाल झाली."

ती उठून आली. वाकून पाहिले. मग बोटाने तो लाल ठिपका टिपला, अंगठ्याने चोळला आणि मान हलवली.

"काव नव्हे हो. हळद आहे ही. हळदीला चुना किंवा खार लागला की अशीच लाल होते. कुंकू आणखी कशाचं होतं? माहेरी आमच्या अव्वाच्या हाताखाली दर वर्षी करत होतो की."

"हळद इथे कशी येईल? कोट्यवधी वर्षांपूर्वीचा दात आहे."

"ते मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मी हळदीचं सांगितलं. वर्षांचं तुमचं तुम्ही बघा."

मी तिच्याशी वाद घातला नाही. लोखंडाचा गंज खरवडून त्यावर सोड्याचे पाणी टाकले. गंज होता तसाच राहिला. पिवळी काव कालवून पाहिली, तीही तशीच. मग सिद्धम्माने स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणून माझ्या तळहातावर ठेवली आणि मी तिच्यावर सोड्याच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. तळहातावर तोच लाल उमटला. खाचेत आणखी खोल टोकरले तेव्हा तेलाचा जुना, खवट वास आला. आपला एखादा प्रियजन आपल्यासमोर नाव बदलून उभा राहावा, तसा तो दात माझ्यासमोर पडला होता.

सुरुवातीची पाचदहा मिनिटे फार वाईट गेली हे कबूल करायला हवे. पण त्यानंतर मला एक विलक्षण स्थिरपणा आला. दाताला तेल-हळद लागली होती, म्हणजे ती कुणीतरी लावली होती. ते कुणीतरी अकरा वर्षांपलीकडचे नव्हते, कारण विहीरच अकरा वर्षांची. मऊ लागलेली माती आठवली. आणि हळद उधळणारी, देवाला भंडारा वाहणारी घरे कोणती, हे मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेऊन मी वळसंगला गेलो. मायाप्पाची आई गोजाबाई त्याच सकाळी अक्कलकोटकडून लेकीचे बाळंतपण उरकून परतली होती. दोन महिने ती घरात नव्हती. त्यामुळे आमची भेट आजच. सत्तरीची बाई, उन्हाने रापून शेंगेसारखी झालेली. ती दारात लोकर पिंजत बसली होती. मी दात रुमालातून काढून तिच्यासमोर ठेवला. तिचे हात थांबले. 

"आजी, हा तुम्ही विहिरीत ठेवला होता का?"

ती पुन्हा लोकर पिंजू लागली.

"आये, मास्तर काय इचारत्यात?" मायाप्पा म्हणाला. "तू कवा ठेवलास? मला ठावं न्हाय ते?"

"तू गप ऱ्हा. बाईमानसाच्या गोष्टीत तुजं काय काम हाय?" मग माझ्याकडे वळून, "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. दातावर हळद होती. मी धुतला तेव्हा ती लाल झाली."

गोजाबाईने दात उचलला, खाचेतला लाल रंग पाहिला आणि बराच वेळ विचार केला. शेवटी तिचा चेहरा सैल झाला.

"म्हंजी दातानंच सांगितलं," ती म्हणाली. "मी न्हाय सांगितलं. आईक मायाप्पा, तू साक्षीदार हायस."

तेव्हा कळले ते असे. नवे पाणी धरले, म्हणजे विहीर पाडली किंवा झरा बांधला, की घरातल्या थोरल्या बाईने लांडग्याचा एक दात तेल-भंडाऱ्यात माखून पाण्याच्या भिंतीत बुजवायचा. मग लांडगा त्या पाण्यावर येत नाही. हे पुरुषाला सांगायचे नसते, कारण पुरुष रानात बोलतो आणि रानात लांडगा ऐकतो. विहीर पाडली तेव्हा गोजाबाईने पुरुष मेंढरांमागे गेलेले पाहून आत उतरून देवळी कोरली होती.

"पण तीच जागा कशी निवडली तुम्ही? तो हिरवा पट्टाच का?"

तिने माझ्याकडे दयेने पाहिले. "काळ्या दगडात कोरू व्हय मी देवळी? नखं ऱ्हायली आस्ती का माजी? तेवढीच माती मऊ हुती. कोरली, दात ठेवला, तीच माती कालवून लिपली."

मी हसू लागलो. मला आवरेना. पृथ्वीच्या त्या उसंतीवर मी इतके लिहिले होते, आणि त्या थराचा या बाईला उपयोग एवढाच होता, की तो टोकरायला सोपा होता. मायाप्पाही हसला. गोजाबाईला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

"हा लांडग्याचा नाही, आजी."

"मला काय कळत न्हाय? लांडग्याच्या म्होरक्याचा हाय. म्हून तर सांबाळला. चाळीस वर्सं बटव्यात हुता."

"सापडला कुठे?"

या प्रश्नावर माझे सारे काही अवलंबून होते. दाताला त्याचे स्थळ नसेल तर तो मुका. कलकत्त्याच्या कपाटात असे मुके दात कितीतरी पडले असतील. गोजाबाईने लोकर बाजूला सारली, डोळे मिटले, आणि सांगण्याऐवजी गाऊ लागली. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. धनगराच्या वाटेची ती ओवी होती. मुक्कामामागून मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामाला एक ओळ: तिथले पाणी गोड की मचूळ, गवत कुसळाचे की पवन्याचे, दगड कसला, कुणाच्या कळपावर तिथे काय बेतले. भीमेच्या अंगाने खाली खाली, मराठी सरून कानडी लागते तिथून पुढे. मोडक्या वेशीचे गाव. दोन बहिणींची टेकडी. चिंचेखालचे पाणी. आणि मग एक ओळ आली, ती मी तिला तीनदा म्हणायला लावली.

काळा दगड सरला बाई, पांढऱ्या ओढ्याला उतारा,
मेंढी चाटती माती, तिला मिठाचा इसारा.

"काळा दगड सरतो?" मी विचारले.

"सरतोय की. वर काळा, खाली पांढरा. वड्यानं कापल्याला दिसतोय. नवी नवरी हुते मी तवा. मेंढरं त्या मातीला तोंड लावून उटंनात. तितं हा घावला." ती थांबली आणि सहज पुढे म्हणाली, "हाडं लई हुती तितं. दगडाची. येक येक मांडी माज्याएवढी. आन गोल गुंडं, नारळावानी, ढिगानं येका जागी. त्यातलं तीन घिऊन आमी चूल मांडली. भाकर चांगली भाजली."

मी मायाप्पाकडे पाहिले. तो काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता.

"बरूबर हाय," तो सावकाश म्हणाला. "तितं रान हुतं."

ते रान मला त्या क्षणी दिसले. तळ्यातला तो एकटा धनी विरून गेला, आणि त्याच्या जागी काळ्या रसाच्या आधीचा एक पांढरा, खारट, रुंद मुलूख उघडला. नदी ओसरून गेलेले सपाट पट्टे. त्यांत लांबलांब मानांचे कळप, मेंढरांसारखेच मिठासाठी माती चाटणारे, वाळूत नारळाएवढी अंडी पुरून पुढे सरकणारे. आणि कळपाच्या कडेकडेने, वाऱ्याखालच्या अंगाने, गर्दीतल्या लंगड्यावर नजर ठेवून चालणारे ते. जुलमी हे नाव त्याला कुणी दिले असेल ते असो. इथे ते त्या कळपाचे होते, जसा लांडगा माळाचा असतो. माझ्या चित्रापेक्षा हे जग कितीतरी मोठे होते, आणि ते सोलापूरचे नव्हते.

संध्याकाळी मी आबासाहेबांकडे गेलो. सगळे सांगितले. त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला, पण पान लावले नाही.

"हे किती जणांना ठाऊक आहे?"

"तुम्ही धरून पाच."

"म्हातारी काही छापायला जात नाही," ते म्हणाले. "तिचा लेक जात नाही. तुमच्या कुटुंबाला मी ओळखतो. मास्तर, मी खोटे बोला म्हणत नाही. नुसते गप्प राहा म्हणतो. दात तुम्ही भिंतीतूनच काढला ना? मग तेवढेच सांगा. पुढचे त्या विद्वानांनी ठरवावे. गावाला आजवर काय मिळाले आहे? एवढे एक नाव मिळत होते."

ते मनापासून बोलत होते. गावावर त्यांचे माझ्याहून अधिक प्रेम होते आणि मला ते ठाऊक होते. त्या नावाची ओढ मलाही होती. कित्येक रात्री मी ते ओठांवर घोळवले होते.

"आबासाहेब, मी गप्प राहिलो तर ते जनावर वळसंगच्या डबक्यात गोगलगाई खात उभे राहील," मी म्हणालो. "पुस्तकापुस्तकांतून तसेच उभे राहील. मग पुढे कुणी पांढऱ्या ओढ्याला गेला, तरी त्याला वाटेल आपलेच चुकले. ते मला पाहवणार नाही. आणि आता मला खरा पत्ता माहीत आहे. ज्याला पत्ता माहीत आहे त्याने गप्प का बसावे?"

"पत्ता म्हणजे एका धनगरणीचे गाणे."

"माझ्या नकाशापेक्षा ते बरोबर निघाले."

त्यांनी डब्यातले पान उचलले. मग त्यांनी पानाला चुना लावायला घेतला. "पण हार सांगितले आहेत," ते म्हणाले. "ते आता कुणाच्या गळ्यात घालायचे?"

मी पुण्याला तार केली, पण डॉक्टरसाहेब तिथून खेड्यांकडे निघून गेले होते. तार परत आली. आता गाठ फलाटावरच पडणार होती.

मधल्या दोन दिवसांत एकच काम उरले. दात कलकत्त्याला जाणार, तर पाण्यावर लांडगा येईल, असे गोजाबाईने स्पष्ट बजावले होते. दातामागे दात, हा तिचा करार. ड्रॉइंग मास्तरांनी प्लास्टरचा साचा काढून हुबेहूब दुसरा दात पाडून दिला. तो पाहून ती म्हणाली, "रंग दे काळा. पांढऱ्याला लांडगा फसत न्हाय." आम्ही तो काळा रंगवला. मायाप्पा आणि मी तोंड फिरवून विहिरीच्या काठावर उभे राहिलो, आणि ती सत्तरीची बाई दोर धरून आत उतरली. वर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. जुन्याच देवळीत बुजवला का, हे आम्ही विचारले नाही.

गुरुवारी सकाळी गाडी वेळेवर आली. फलाटावर आबासाहेब झेंडूचे हार घेऊन उभे होते. त्यांच्या मागे शिक्षक मंडळी. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक उंच, किरकोळ अंगाचे गृहस्थ उतरू लागले. त्यांचा एक पाय पायरीवर होता. मी पुढे झालो.

"डॉक्टरसाहेब, कृपा करून उतरू नका," मी इंग्रजीत म्हणालो. "मी चुकलो होतो. दात वळसंगचा नाही. तो जिथला आहे तिथे ही गाडी जाते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी रुमाल उघडून दात त्यांच्या हातात ठेवला, खाचेतला उरलेला पिवळा भाग दाखवला आणि खिशातल्या बाटलीतून त्यावर सोड्याचा थेंब सोडला. लाल उमटताना त्यांच्या भुवया वर गेल्या. मग मी सांगितले: देवळी, मऊ माती, काळ्याखालचा पांढरा दगड, मेंढ्यांनी चाटलेली माती, हाडे, दगडाचे गोल गुंडे. गोल गुंड्यांपाशी त्यांनी मला थांबवले.

"केवढे?"

"नारळाएवढे. एका जागी ढिगाने. त्यांवर चूल मांडता येते."

"आणि काळा दगड त्यांच्या वर आहे, हे ती बाई खात्रीने सांगते?"

"ती गाते. गाण्यात चूक झाली तर कळप पाण्याविना मरतो."

त्यांनी पायरीवरचा पाय मागे घेतला. हमालाने उतरवलेली ट्रंक पुन्हा आत चढली. आबासाहेब पुढे आले, क्षणभर घुटमळले, आणि त्यांनी हात उंचावून खिडकीतूनच एक हार त्यांच्या गळ्यात घातला. दुसरा हार उरला होता. तो त्यांनी माझ्या हातात कोंबला.

"म्हातारीला द्या," ते म्हणाले. "आणि नीट जाऊन या."

मी डॉक्टरसाहेबांच्या डब्यात चढलो. होटगीला, वळसंगहून जवळच्या स्टेशनावर, गाडी थांबली तेव्हा ठरल्याप्रमाणे गोजाबाई फलाटावर बोचक्यावर बसलेली होती. शेजारी मायाप्पा. तो येणार नव्हता. मेंढरे कुणावर सोडायची? त्याने आईला हात देऊन डब्यात चढवले. उतरताना दारात वळून मला म्हणाला, "मास्तर, हाडं घावली की चित्र दुसरं काढा. ह्या डावाला मेंढरं बी काढा."

गाडी हलली. हार पाहून गोजाबाईने तो गळ्यात न घालता बोचक्याला बांधला. ती आधी घाबरून बाकाची कड धरून बसली, मग सवय झाली तशी खिडकीकडे सरकली. डॉक्टरसाहेबांनी वही उघडून पेन्सिल तासली आणि मला विचारले, की काळा दगड संपेल ती जागा आपल्याला कशी कळणार. मी तो प्रश्न तिला सांगितला.

 रुळांच्या कडेने कापलेल्या काळ्या दरडी मागे पळत होत्या. त्यांवर तिची नजर खिळली होती. ओठ हलत होते. मोडकी वेस अजून यायची होती.

"पायानं अकरा मुक्काम हुतं," काही वेळाने ती म्हणाली. "तुजी गाडी लई पळती. जरा ध्यान धरून बसू दे." मग बाहेर एकवार नीट पाहून तिने साहेबांना हाताने खूण केली, की पेन्सिल खाली ठेवा. "काळाच हाय अजून. बसा निवांत. सरला की मी सांगते."